जोडबेचकी मार्का

ज्योतिबाला सॉफ्टवेअरमध्ये मी आणलं, असं मी अजूनही चारचौघांत सांगतो. चारचौघं म्हणजे माझी बायको सुनीती, आणि ती स्वयंपाकघरात असली तर मी एकटाच. मी स्वतः तोवर कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता. बँकेत एक होता, त्याला मी लांबून पाहत असे.

ज्योतिबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. मूळचा साताऱ्याकडचा, बारावी सायन्स. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन मी वाशीला राहायला आलो, तेव्हा माझ्या पुस्तकांच्या नऊ पेट्या त्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. पाचव्या पेटीला तो जिन्यात थांबला आणि पाठीवर पेटी तशीच ठेवून मला म्हणाला, "काका, ह्यात गणिताचं काही आहे का?" पेट्यांच्या वजनाबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं, आतल्या पुस्तकांबद्दल विचारणारा हा पहिलाच. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की या मुलाचं आयुष्य आपण मार्गी लावायचं. माझं स्वतःचं आयुष्य मार्गी लावताना जे जमलं नव्हतं, ते इथं जमेल असं का वाटलं, कोण जाणे.

पुढची दोन वर्षं तो दुपारपर्यंत गोण्या वाहायचा आणि संध्याकाळी क्लासमध्ये कोबॉल ही कॉम्प्युटरची भाषा शिकायचा. माझं काम त्याला इंग्रजी शिकवण्याचं. १९९८ साली महापेच्या एका कंपनीत त्याला दोन आठवड्यांच्या ट्रायलवर घेतलं. तेव्हा त्या धंद्यात एकच घाई होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. सन दोन हजार उजाडलं की यंत्रांना वाटणार, एकोणीसशे साल परत आलं. ते होऊ नये म्हणून जिथं जिथं साल लिहिलंय ती प्रत्येक जागा शोधून काढायची होती.

ट्रायलच्या शेवटच्या शुक्रवारी तिथल्या प्रमुख उत्कर्षा मॅडमनी चार उमेदवारांना छापील कागदांचा एकेक गठ्ठा दिला. ज्योतिबाच्या गठ्ठ्यात चौदाशे पानं. सोमवारपर्यंत जेवढं होईल तेवढं करा, म्हणाल्या. त्यातले दोघं कायम होणार होते.

शनिवारी संध्याकाळी तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. दोन दिवस आणि एक रात्र जागून त्याची नव्वद पानं झाली होती. शिवाय त्याच्या टोळीचे मुकादम हिंदुराव यांनी निरोप धाडला होता की रजा पुरे झाली. सोमवारी सकाळी सहाला गाडी लागेल. तो आला तर टोळीतली जागा त्याची, नाही आला तर जासईहून एक जण कधीचा मागे लागलाय. म्हणजे सोमवारी त्याच्या हातात मार्केट तरी राहणार होतं किंवा महापे तरी. किंवा दोन्ही नाही.

मी त्याला विचारलं, "कांद्याचा ट्रक तू एकटा उतरवतोस का?"

"नाही. टोळी उतरवते."

"मग?"

असा नेमका प्रश्न विचारण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मलाच गहिवरून आलं.

रविवारी मार्केट बंद. रिकाम्या गाळ्यात हिंदुरावांसह आठ जण मांडी घालून बसले. त्यातल्या पाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. गोणीवर व्यापाऱ्याचा रंगवलेला मार्का असतो. तो बघून माल कुणाचा हे ही माणसं धावत्या पावली ओळखतात. प्रोग्रॅममध्ये सालाच्या जागी इंग्रजी वाय हे अक्षर दोनदा येतं, ते ज्योतिबानं पाटीवर काढून दाखवलं. हिंदुरावांनी मान कलती करून ते न्याहाळलं आणि म्हणाले, "दोन बेचक्या शेजारी शेजारी. जोडबेचकी मार्का. कळलं. हाणा लाल खूण."

गठ्ठा म्हणजे घड्या घातलेला एकच लांबच लांब कागद होता. आठ जणांना तो कसा पुरणार? म्हणून मी स्वतः, भोकांच्या ओळीवरून, उत्साहानं पानं फाडून वेगळी केली. पानांना नंबर असतीलच असं मी धरून चाललो होतो. बिननंबरी पान माझ्या उभ्या हयातीत माझ्यासमोर आलं नव्हतं.

ज्योतिबाला झोपेनं धड उभं राहवेना. मी त्याला घरी पाठवलं. "जा, झोप. मी आहे ना," असं म्हणालो. हे वाक्यही पहिल्यांदाच, आणि सुनीतीच्या मते शेवटचं.

तीन वाजता काम संपलं. मी चहा सांगायला गेलो होतो. आलो तर पानं गाळ्यात ओळीनं थप्प्या लावून ठेवलेली. एक मार्क्याची थप्पी, दोन मार्क्यांची, तीन मार्क्यांची, आणि कोपऱ्यात बिनमार्क्याचा माल. कडा अशा जुळवलेल्या की भिंत वाटावी. माल उतरवला की मार्क्याप्रमाणे लावायचा, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मी हिंदुरावांचं कौतुक केलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर, रोजचंच हाय." मी कधीच मास्तर नव्हतो, पण ते सांगायचं धैर्य झालं नाही.

चार वाजता ज्योतिबा आला, थप्प्या पाहिल्या आणि गोणीवर बसला. प्रोग्रॅम ओळीमागून ओळ असा वाचायचा असतो, एक पान इकडचं तिकडे झालं तरी अर्थ जातो, हे त्यानं मला अतिशय सौम्यपणे समजावलं. मग मॅडमना फोन लावायला तो बूथवर गेला.

खरं तर मी इथं थांबायला हवं होतं. पण क्रम बिघडलेली हजारावर पानं आणि मी, निवृत्त असलो तरी ग्रंथपाल. माझ्या अंगात काहीतरी संचारलं. टोळी मदतीला होतीच. ज्योतिबा कुणी फोन उचलत नाही म्हणून परत आला, तेव्हा सगळी पानं पहिल्या शब्दाच्या आद्याक्षरानुसार लागलेली होती.

"काका, हे काय?"

"वर्णानुक्रमे," मी म्हणालो.

हिंदुरावांनी विचारलं, "आता लागलं न्हवं बैजवार?" ज्योतिबानं मोठ्या माणसांचा मान राखला. तो रिकामं पोतं शोधू लागला.

सोमवारी सहाला तो मार्केटात गेला नाही. दहाला आम्ही महापेला गेलो. पानांचं पोतं मी घेतलं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टाला कांद्याचा वास नको, आणि चूक माझी. लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी, असं वॉचमननं मला सांगितलं. ज्योतिबाला नाही सांगितलं. जिना चढताना मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो : मी याचा मार्गदर्शक, सर्व दोष माझा.

वर पोहोचेपर्यंत ज्योतिबानं सगळं खरं सांगून टाकलं होतं. मॅडमनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि थोड्या मागे सरकल्या. कंपनीचे कागद बाहेर न्यायचे नसतात, एवढं शांतपणे सांगून त्यांनी एक बटण दाबलं. कोपऱ्यातलं यंत्र खरखरू लागलं आणि तीच चौदाशे पानं, अगदी ओळीनं, पुन्हा बाहेर यायला लागली. हे असं करता येतं हे रविवारी गाळ्यात कुणालाच माहीत नव्हतं. ज्योतिबालाही नाही, कारण ट्रायलवाल्यांना त्या यंत्राजवळ जाऊ देत नसत.

"तू स्वतः किती पानं केलीस?" मॅडमनी विचारलं.

"नव्वद."

ती नव्वद त्यानं वेगळी ठेवली होती, नशीब. मॅडमनी ती उभ्यानंच तपासली. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. तिथं साल होतं, पण जोडबेचकी नव्हती. भलत्याच नावाखाली लपलेलं. समासात ज्योतिबाची बारीक नोंद होती.

"हे कोणी शोधलं?"

"मी."

"असं लपलेलं साल बाकी कुणाला सापडलं नाही. उद्यापासून ये."

म्हणजे नव्वद पानं पुरली असती. मी घसा साफ केला; माझी वाक्यं तयार होती. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाबा, ही रद्दी खाली नेऊन टाकाल का?"

मी वाकलो.

"काका, कमरेत नको," ज्योतिबा हलकेच म्हणाला. "गुडघ्यात वाका. श्वास धरा. आता उचला."

मॅडमनी त्याला विचारलं, "हे तुझ्या टोळीतले का?"

ज्योतिबानं माझ्याकडे पाहिलं. पोतं माझ्या खांद्यावर होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"होय मॅडम," तो म्हणाला. "नवीन आहेत."