मूठ काही मिटेना

खाजामियाँ पेंटर लातूरच्या रस्त्यावरून चालायला लागले की वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागायचा, कारण ते वाटेतली प्रत्येक पाटी तपासत जायचे. वाचायचे नाहीत, तपासायचे. डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावून बघतो तसे ते अक्षरांकडे बघत. "ह्या 'क्ष'ला पोटच न्हाई." "हा 'ळ' किती दिसाचा उपाशी हाय बघा." "ह्या उकाराचा पाय मुरगळलाय, भाऊ, कसा चालंल ह्यो?"

एकदा ते एस.टी.नं नांदेडला चालले होते. गाडी अर्धापूरला थांबली. समोरच केळीच्या व्यापाऱ्याच्या पाटीवर 'केळि' लिहिलेलं. खाजामियाँ खिशातला ब्रश काढत खाली उतरले. व्यापाऱ्याशी हुज्जत घालून, त्याच्याच दुकानातला रंग मागून घेऊन त्यांनी वेलांटी डावीकडून उजवीकडे आणली, आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. त्यांच्या कपड्यांची पिशवी गाडीतच होती. मी हळहळलो तर म्हणाले, "पिशवी नांदेडलाच गेली की. मला बी तिथंच जायचं होतं."

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. निकाल लागला की खाजामियाँना जेवायला फुरसत नसायची. क्लासवाले गुणवंतांचे फोटो आणून देत आणि खाजामियाँ दहा-दहा फुटांचे चेहरे रंगवत. त्यात त्यांचा एक नियम होता. प्रत्येक गुणवंताला चष्मा. मूळ फोटोत असो नसो. एकदा एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, "आमच्या पोराला चष्मा नाही हो." खाजामियाँनी ब्रश खाली न ठेवता सांगितलं, "बारावीत लागंल. आत्ता काढून ठिवलाय."

आणि कुणीही काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर असे, "दुरून बघा." पाटीबद्दल विचारा, स्थळाबद्दल विचारा, आमदाराबद्दल विचारा. "जवळून समदंच बरं दिसतं. दुरून बघा."

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती आमच्या कलामंडळाच्या चिन्हावरून. इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. मला ते आवडतंच. मी पत्रकांच्या घरात वाढलो. काका चळवळीतले, वडील युनियनचे. लहानपणी आमच्या वह्यांना कव्हरं असायची ती उरलेल्या पत्रकांची. त्यामुळे मला लिहिता येऊ लागलं तेच 'बंधू-भगिनींनो' पासून. मामाला पाठवलेल्या पहिल्या पोस्टकार्डाचा शेवट मी 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' असा केला होता, असं आई अजून सांगते. तेवीस वर्षांचा होईपर्यंत मी एकही साधं वाक्य लिहिलं नव्हतं. सगळी वाक्यं आवाहनं होती.

कलामंडळ सुमनताईंनी काढलेलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भूकंपातल्या गावांतली पंचवीसेक मुलं शिकायला लातुरात नातेवाइकांकडे राहत होती. ती संध्याकाळी आमच्याकडे येऊन हलगी शिकत, गाणी म्हणत, नाटुकली बसवत. जागा म्हणजे एका पेंडीच्या दुकानावरचा पत्र्याचा हॉल. डावीकडे भौतिकशास्त्राचा क्लास, उजवीकडे गणिताचा. दोघांनाही आमचा हॉल हवा होता. मालक अप्पा आम्हाला आजवर सांभाळून घेत आले होते, पण एक दिवस वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, लोक इचारतात वर कशाचा क्लास हाय. मी काय सांगू? वाजवायचा? एक तारखेच्या आत बोर्ड लावा. संस्थेसारखी संस्था दिसू द्या. न्हाई तर भिंत पाडून फिजिक्सवाल्याला देतो."

जिना उतरता उतरता ते परत वळले. "आन बोर्डावर कुण्या पक्षाचं चिन्ह नको. इलेक्शन तोंडावर हाय. मला सगळ्यांना पेंड इकायची हाय."

बोर्ड म्हटल्यावर नाव आलं, नावाबरोबर चिन्ह आलं आणि चिन्हाबरोबर मी आलो. 'चिन्हामागील भूमिका' या नावाचं चार पानांचं टिपण मी एका बैठकीत लिहिलं. उगवता सूर्य, नांगर, उघडं पुस्तक, तुटलेली साखळी, कबुतर, हलगी आणि वर आवळलेली मूठ. ते घेऊन गंजगोलाईजवळच्या खाजामियाँच्या दुकानात गेलो आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चारही पानं शांतपणे ऐकली.

"बोर्ड किती फुटाचा?"

"चार बाय तीन."

"ह्याला माळरान लागंल, पत्रकभाऊ."

त्या दिवसापासून मी पत्रकभाऊ झालो. चिन्ह एकच ठेवायचं असं ठरलं. पण मी जे म्हणेन ते आधीच कुणीतरी घेतलेलं. सूर्य? "घेतला." नांगर? "जुना हाय, पर लोकांच्या ध्यानात हाय." सायकल? "घेतली." कंदील, हत्ती, घड्याळ, सगळं घेतलेलं. मी चिडून म्हटलं, "मग कपबशी काढा!"

"ती अपक्षाची. शिट्टी बी अपक्षाची. शिलाई मशीन बी." खाजामियाँ दिलगिरीनं हसले. पंचवीस वर्षं सगळ्यांच्या प्रचाराच्या भिंती त्यांनीच रंगवल्या होत्या. "समदी चिन्हं वाटून झाली, भाऊ. तुम्हाला उशीर झाला."

शेवटी आवळलेली मूठ शिल्लक राहिली. ती इकडच्या कुणा पक्षाची नव्हती. मला तर तीच हवी होती. खाजामियाँ क्षणभर थांबले, मग म्हणाले, "काढतो. मुलांचं काम हाय, त्याचं काही द्यायचं न्हाई."

चार दिवसांनी नमुना आला. उघडा हात. पाची बोटं पसरलेली, तळव्यावरच्या रेषांसकट, अप्रतिम. असा हात म्हणजे सरळसरळ निवडणुकीचं चिन्ह! अप्पांनी तो पाहिला असता तर त्याच दिवशी भिंत पडली असती. मी सांगितलं, "चाचा, मूठ."

"हाव, हाव. मूठ."

दुसरा नमुना आला. हात जरासा वळलेला, वाटीसारखा. सुमनताई बघून म्हणाल्या, "हा प्रसाद मागून राहिला." तिसऱ्यात बोटं थोडी आणखी मिटली होती. भौतिकशास्त्राचे सर सहज डोकावले आणि म्हणाले, "छान आहे. तंबाखू मळतोय का?"

दुसरा पेंटर मिळेना. सगळे निकालाच्या बोर्डांवर चढलेले. मग मीच एक रात्र जागून मूठ काढली. सुमनताईंनी सकाळी कागद उलटासुलटा करून पाहिला. "फुलकोबी चांगली जमली रे," एवढंच म्हणाल्या.

एक तारखेला दोन दिवस राहिले. आता मला सगळं लख्ख दिसू लागलं. तीन-तीनदा सांगूनही माणूस पंजाच काढतो म्हणजे काय? पंचवीस वर्षं प्रचाराच्या भिंती रंगवणारा माणूस! ही माझी विचार करायची पद्धत होती. कुणाला एखादी गोष्ट जमत नसेल असं मला कधी वाटतच नसे. त्यामागे हितसंबंध असायचे. भर दुपारी मी दुकानात घुसलो. खाजामियाँ एका गुणवंताला चष्मा लावत होते.

"चाचा, स्पष्ट बोलू का?"

"तुम्ही कवा अस्पष्ट बोलता?"

"हा पंजा काढायला तुम्हाला कुणी सांगितलं? पंचवीस पोरांचा हॉल जाणार आहे. एक तारखेला भिंत पडणार. कुणाच्या फायद्यासाठी चाललंय हे?"

'कुणाच्या फायद्यासाठी' हे मी पत्रकात ठळक टाइपात छापतात तसं म्हटलं. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. खाजामियाँनी दुसरी काच पुरी केली, ब्रश फडक्याला पुसला आणि मला स्टूल दिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"माझी बहीण औशाच्या पुढं दिली होती," ते म्हणाले. "नूरजहाँ. भूकंप झाला तवा मी नांदेडला. टाकीजचं पोस्टर करून राहिलो होतो. खबर दुपारी आली. निघालो. गाड्या न्हाईत, रस्त्यात ट्रकावर ट्रक, वरून पाऊस. पोचायला दुसरा दिवस मावळला. तवर गावानं समद्यांना माती देऊन टाकली होती. किती जण ठिवणार?"

मी स्टुलावर टेकलो.

"आमच्यात तीन मुठी माती द्यायची आसती, भाऊ. परका माणूस बी वाटंनं चालला आसला तर थांबून देतो. मी सख्खा भाऊ. एक मूठ दिली न्हाई. नंतर नुसती फातिहा पढायची, माती न्हाई देता येत." त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरला आणि हळूहळू मिटला. "मूठ काढायला बसलो की आत माती दिसती. मग बोटं उघडतो. तुम्हाला वाटलं, मी पंजावाला हाय."

तिच्या जवळ राहावं म्हणून ते नांदेड सोडून लातूरला आले होते. पण औशाच्या पुढे मात्र त्या दिवसापासून एकदाही गेले नव्हते. हे त्यांनी असं सांगितलं की जणू स्टँडवर गाडीच लागत नाही.

"उघडाच ठेवा, चाचा," मी म्हणालो. "अप्पांना मी समजावतो." अप्पांना समजावण्याची माझी पद्धत मला ठाऊक होती. चार पानं लिहिली असती.

"तुम्ही नका समजावू," खाजामियाँ घाईघाईनं म्हणाले. "हॉल जाईल. घरी जा."

एक तारखेला सकाळी आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा बोर्ड लागलेला होता. खाजामियाँ शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून शेवटचा खिळा ठोकत होते. पांढऱ्या पाटीवर आमचं नाव, एकही अक्षर उपाशी नाही. आणि डाव्या बाजूला मूठ. घट्ट मिटलेली.

मी भिंतीभिंतींवर मुठी पाहिल्या होत्या, पत्रकांवर शेकड्यांनी छापल्या होत्या. त्या सगळ्या कुणावर तरी उगारलेल्या असायच्या. ही कुणावर उगारलेली नव्हती. हातातलं काही सांडू नये म्हणून मिटावी तशी ती मिटलेली होती. माझ्या चार पानी भूमिकेतलं एक वाक्यही तिला चिकटेना.

अप्पा खाली येऊन मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "कुण्या पक्षाची न्हाई ना?"

"न्हाई," खाजामियाँ शिडीवरून म्हणाले. "घरची हाय."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून अप्पा दुकानात गेले. हॉल राहिला. वर मुलांनी हलग्या काढल्या. सुमनताई खाजामियाँना चहाला बोलवत होत्या, पण ते शिडी उतरून बोर्डाकडे पाठ करून उभे होते आणि उजव्या हाताची बोटं फडक्यानं एकेक करून पुसत होते.

मी जवळ गेलो. आभाराचं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"भाऊ," तेच आधी म्हणाले, खाली बघत. "मंडळाचं दुसरं कुठं काही रंगवायचं आसंल तर सांगा. ही एक झाली. आजून दोन राहिल्या."

आमच्या मंडळाकडे रंगवण्यासारखं दुसरं काहीही नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं.

"हलग्यांची पेटी आहे," मी म्हणालो. "आणि आतली मागची भिंत."

खाजामियाँनी मान हलवली, रंगाचा डबा उचलला आणि जिना चढू लागले.