दोनशे पावलांचा बाजार आणि भिवाजीचं खेचर

बाळांनो, वाहन घ्यायचं झालं तर भरवसा कोणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, की आधीच घेऊन बसलेल्या शेजाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एका जंगलात भिवाजी साळिंदर राहत असे. त्याच्या बिळापासून दोनशे पावलांवर एक चिंच होती. चिंचेखाली दर मंगळवारी बाजार भरे. तिथं बापाच्या वेळेपासून भिवाजीची कंद विकायची जागा होती. नियम एकच, तोही बापानंच घातलेला. उन्हं बुंध्याला टेकायच्या आत येऊन बसायचं. लागोपाठ तीन मंगळवार चुकले, की जागा दुसऱ्याची.

भिवाजीचा गुडघा दुखू लागला. तो तरसाच्या तबेल्यात गेला.

"या शेठ!" तरस म्हणाला. "हा रेडा. मडकंभर मोहाचं तेल प्यायला, की सात डोंगर पार. तेल तेवढं दर आठवड्याला महागतं. ही काजव्यांची डोली. आवाज नाही, धूर नाही. फक्त सहा तास उंबरावर निजवायची. आणि हे खेचर. तेलही पितं, आणि उताराला लागलं की आपोआप पोट भरतं."

"उतारावर पोट कसं भरतं?"

"ते खेचरालाही ठाऊक नाही. पण भरतं."

भिवाजीनं शेजाऱ्यांना विचारलं. रेडा घेतलेलं रानडुक्कर म्हणालं, "रेडाच घे." डोली घेतलेला ससा उंबराखाली रांगेत बसला होता. तो म्हणाला, "डोलीच घे. नंबर लागायचा माझा आज चौथा दिवस, पण शांतता बघ काय आहे!"

या चौकशीत पहिला मंगळवार गेला.

भिवाजीची बायको गोदाक्का म्हणाली, "अहो, दोनशे पावलं तर आहेत. कंद मी घेते, तुम्ही काठी घ्या."

"आणि सात डोंगरांपलीकडे तुझ्या बहिणीकडे जायचं झालं तर? डोली वाटेत विझली तर?"

"बारा वर्षांत एकदा तरी गेलात का?"

"कसा जाणार? वाहन नव्हतं!"

हसू नका. माझ्या भांड्यांच्या दुकानातून एका जोडप्यानं शंभर माणसांचं पातेलं नेलं. घरात माणसं दोन. म्हणे, पाहुणे आले तर? आता दोघं त्यात अंघोळ करतात.

या वादात दुसरा मंगळवार गेला. शेवटी निम्मे कंद देऊन भिवाजीनं खेचर घेतलं.

तिसऱ्या मंगळवारी तो खेचरावर बसून ऐटीत निघाला. दोनशे पावलं संपली. पण चिंचेखाली रेडे, डोल्या आणि खेचरांची ही दाटी! बांधायला खुंट मिळेना. शोधता शोधता अर्ध्या कोसावर, ओढ्यापलीकडे एक मिळाला. तिथून भिवाजी लंगडत परत आला.

उन्हं केव्हाच बुंध्याला टेकली होती. त्याच्या जागेवर राहीबाई घूस रताळी मांडून बसली होती. ती पायी आली होती.

"राहीबाई, ही माझ्या वडिलांची जागा!"

"आणि नियमही त्यांचाच, भिवाजीदादा."

भिवाजीला नवी जागा मिळाली. खेचराच्या खुंटाजवळ, अर्ध्या कोसावर.

तरस मुद्दाम भेटायला आला. "बघा शेठ, धंदा एवढ्या लांब! खेचर नसतं तर काय केलं असतंत?"

भिवाजीला ते पटलं. आता तो भेटेल त्याला सांगतो, "खेचरच घे."

तात्पर्य : गरज पाहून वाहन घेऊ नये. आधी वाहन घ्यावं, गरज मागून लंगडत येते.

आणि बाळांनो, एक विनंती. वाहन घ्यायचं ठरलं, तर ते किती डोंगर जाऊ शकतं, ते वहीत लिहू नका. तुम्ही रोज किती पावलं जाता, तेवढं मात्र खरं लिहा.