नाव घेतलं की येते

बापूंनी बायकोला, सगुणाबाईंना, न विचारता तिची लाडकी शेळी, केसर, वनखात्याला बिबट्याचं आमिष म्हणून देऊन टाकली. आगरदांड्याच्या त्यांच्या वाडीतल्या तीन बकऱ्या बिबट्याने नेल्या होत्या आणि चौथी द्यायला कोणी तयार होईना. बापूंना पुढे पुढे करायची भारी हौस!

"पिंजऱ्याचे दोन कप्पे आहेत, मधे गज. केसरच्या केसालाही धक्का लागणार नाही," वनरक्षक कुशल म्हणाला. सगुणाबाईंना ते कसलं पटतंय! सकाळी फणसाचा पाला घेऊन त्या पिंजऱ्याच्या बिबट्यासाठीच्या कप्प्यात शिरल्या आणि त्यांच्यामागे दार धाडकन पडलं.

बापूंनी लांबूनच कुशलला फोन लावला. पंचाईत अशी, की वाडीत बिबट्याचं नाव कोणी घेत नाही. घेतलं की तो येतो. बापूंनी तीस वर्षांत बायकोचंही नाव घेतलेलं नाही, तेही याच भीतीने.

"सायब, ती अडाकली पिंजऱ्यात!"

"मादी आहे?"

"व्हय तर! मंग काय?"

"चिडलीय का?"

"काय इचारता! नुसती गुरगुरतेय."

"नजरेला नजर देऊ नका."

"तीस वर्सं न्हाय दिली."

"शाब्बास. तिला लांब नेऊन सोडतो. जवळ सोडली तर परत येते."

"लांब कशाला? हितंच सोडा की!"

"वेड लागलंय? वाडीत माणसं राहतात!"

बापू फोनवर बोलले की खाडीपलीकडे दिघीला ऐकू जातं. पिंजरा तर वीस पावलांवर होता.

जाळी, ताडपत्री, भुलीची बंदूक घेऊन गाडी आली. कुशलने जपून पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. सगुणाबाई गजांतून हात घालून केसरला कुरवाळत होत्या. त्याने घाईघाईने दार उचललं, पण त्या हलल्या नाहीत.

"लांब सोडनार व्हतात ना? मंग सोडा. म्हसळ्याला, भावाकडं. केसर बी येल."

"मावशी, गाडी सरकारी आहे."

"पिंजरा काय माज्या बापाचा हाय?"

गेल्या की हो दोघी! बापूंनी चार दिवस करपलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी रडवेले होऊन त्यांनी म्हसळ्याला फोन लावला.

"कोन?" सगुणाबाईंनीच उचलला.

बापूंनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला. "सगुणा..."

पलीकडे केसर तेवढी बेंबें करून ओरडली.

"ऐकू न्हाय आलं," सगुणाबाई म्हणाल्या. "पुन्यांदा घ्या."

बापूंनी घेतलं. दिघीला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने सगुणाबाई आल्या. केसरला मात्र त्या माहेरीच ठेवून आल्या.