तारकाका आणि चौथी ओळ

तारकाकांच्या समोर चौथी ओळ काढायची नाही. आमच्या भोईवाड्यात हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' एवढं सांगायला आमचे सेक्रेटरी चाळीच्या फळ्यावर सात ओळी लिहितात, आणि तारकाका येता-जाता ओल्या बोटाने त्यातल्या चार पुसून टाकतात. 'सर्व सन्माननीय रहिवाशांना नम्रपणे कळविण्यात येते की' ही ओळ त्यांनी इतक्यांदा पुसलीय, की फळ्याचा तेवढा पट्टा बाकीच्यापेक्षा काळा दिसतो. घाडीकाकांनी मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा त्यांना कौतुकाने दाखवला. काकांनी दोन्हीकडचे आजोबा-पणजोबा, मामा आणि कुलदैवत उडवून मुलगा, मुलगी आणि हॉल एवढंच शिल्लक ठेवलं. घाडीकाका वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

तारकाकांचं खरं नाव मनोहर तावडे. मूळचे देवगडकडचे. सगळी नोकरी तारखात्यात, टेलिप्रिंटरवर गेली. तार बंद झाली, काका निवृत्त झाले, पण शब्द मोजायची सवय काही निवृत्त झाली नाही. एखादी बाई जिन्यात सासूची तक्रार सांगायला लागली, तर ते पूर्ण ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे सासू चहा देत नाही. बरोबर?" बाईला वीस मिनिटं पुरतील इतकं बोलायचं असतं. ती हिरमुसून निघून जाते.

पुढे कुणाकडून तरी त्यांनी एक जुना लॅपटॉप आणला. त्यात चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आम्हाला वाटलं बिघडलाय. काकांना मात्र माहेर भेटलं. मशीनशी कसं बोलायचं याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "हुकूम लिहायचा. सही करायची. गप बसायचं." सही म्हणजे एंटरचं बटण. चित्रावर बोट ठेवून काम करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ते हॉटेलात मेन्यूकार्डावर बोट दाखवणाऱ्या गिऱ्हाइकात जमा करतात.

त्या काळ्या पडद्यावर ते स्लाइड बनवायचे. हो, तीच ऑफिसात भिंतीवर दाखवतात ती प्रेझेंटेशनं. साधा मजकूर टाईप करायचा, एक हुकूम द्यायचा, की स्लाइड तयार. हे करणारं साधन इंटरनेटवर कुणी भल्या माणसाने फुकट ठेवलेलं होतं. पण ते तयार उचलून वापरतील तर तारकाका कसले! त्यांनी त्याचा मूळ प्रोग्रॅम उतरवून घेतला, आत बदल केले आणि घरी बांधून काढलं. "तयार मिळतं ते पिशवीतलं पीठ," ते म्हणत. "आपण गहू आणायचे, निवडायचे, दळायचे." म्हणून त्यांच्या घरी मशीन खटाखट ओळी ओकत असलं, की ते दारातच सांगतात, "दळण लावलंय. बस."

आणि बदल कोणता, तर एका स्लाइडवर चौथी ओळ लिहिली की हे साधन काम बंद करतं आणि पडद्यावर मराठीत येतं : 'चौथी ओळ आहे. विचार करा.'

आता खरं सांगायचं तर चाळीत हे कौतुकाचं कमी आणि कुचेष्टेचं जास्त होतं. कारण शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आतल्या खोलीत पडद्यामागे ती, आणि बाहेर हे दिवसभर टाईप करत बसलेले. "बायको तिथे, आणि ह्यांचं आपलं टिकटिक," असं बायका गॅलरीत म्हणायच्या. बायकांचं कशाला, मीही म्हणायचे. जरा जास्तच म्हणायचे.

तर गोष्ट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी आमच्या गल्लीतली अभ्यासिका सांभाळते. इकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात, मुलांनी पुस्तक उघडायचं कुठे? ती आमच्याकडे येतात. अभ्यासिका एका ट्रस्टची. ट्रस्टींच्या डोक्यात आलं की ही जागा लग्न-मुंजींना भाड्याने द्यावी. त्यांची दादरला त्या दिवशी बारा वाजता बैठक होती आणि मला सांगण्यात आलं होतं, "तुमचं म्हणणं स्लाइडवर मांडा, मग ठरवू." अभ्यासिका गेली तर मुलं जिन्यात बसणार आणि अकरा वर्षांच्या नोकरीनंतर मी घरी बसणार, इतकं ते सरळ होतं.

मी झेरॉक्सच्या दुकानातून बेचाळीस स्लाइड करून आणल्या होत्या. दसऱ्याच्या गडबडीत उघडून बघितल्या नाहीत. सकाळी उघडल्या, तर मराठीच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी! दुकानदाराने त्याच्याकडच्या कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं, ते फक्त त्याच्याच मशीनवर दिसायचं. आणि दुकानदार सोनं वाटून रातोरात गावी गेलेला. छापलेले कागद तेवढे माझ्याकडे होते. ते घेऊन साडेआठला मी तावड्यांचं दार वाजवलं.

"काका, वाचवा."

काका लॅपटॉपसमोरच होते. हाताशी जुन्या कॅलेंडरची पानं आणि जाडा मार्कर. मी सगळं सांगितलं. मध्येच आतून घंटी वाजली. काका कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी खरडून आत गेले आणि मिनिटभराने परत आले. मला वाटलं वाण्याची यादी असेल.

"तुझं काम होईल," ते म्हणाले, "पण काल दसरा होता. मुहूर्तावर सगळी सिस्टिम पुसून नवी बसवली. साधन परत बांधायला पाहिजे. दळण लावायचंय अजून."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. तोवर मजकूर दे."

त्यांनी माझे बेचाळीस कागद हातात घेतले आणि मी डोळ्यांदेखत कत्तल बघितली. ट्रस्टच्या संस्थापकांचा फोटो गेला. 'ज्ञानाचे महत्त्व' गेलं. 'अभ्यासिकेची गौरवशाली वाटचाल' याचे सहा कागद एकदम गेले.

"काका, ते माझ्या मेहनतीचे आहेत!"

"मेहनत दिसतेय गो. म्हणणं दिसत नाही. काय सांगायचंय तुला?"

मी सुरू झाले. दहा मिनिटं बोलले, डोळ्यात पाणी आणून बोलले. काका ऐकत होते. मग त्यांनी टाईप केलं :

घरात माणसं सात.
खोली एक.
अभ्यास कुठे?

ते म्हणाले, "ही झाली पहिली."

अशा नऊ झाल्या. मग काकांनी साधन बांधायचा हुकूम लिहिला, हात झटकले आणि सही केली. काही झालं नाही. परत केली. नाही. पडद्यावर हुकूम तसाच लुकलुकत उभा. एंटरचं बटण दाबलं की खाली काहीतरी कचकन अडत होतं.

मी वाकून बघितलं. बटणाच्या कडेतून कुंकवाने लाल झालेलं तांदळाचं टोक डोकावत होतं. काल लॅपटॉपची पूजा झालेली! अक्षता वाहिलेल्या, आणि त्यातली एक टाईप करता करता सरकत नेमकी सहीच्या खाली जाऊन बसलेली. त्यांच्याकडे सगळी कामं त्या एका बटणावर चालायची. नऊ वाजून गेले होते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

"थांबा," मी केसातली पिन काढली, "आत्ता काढते."

"हात नको लावूस!"

काका असे ओरडले, की गॅलरीतून दोन तोंडं डोकावली. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप पोटाशी धरला होता.

"अहो, एक दाणा आहे! दोन सेकंदांचं काम! बाराला माझी मीटिंग आहे!"

"मीटिंगला पोचशील. दाणा निघणार नाही."

मला इतका संताप आला की विचारू नका. माझी नोकरी जातेय, पोरांचा निवारा जातोय आणि हा म्हातारा अक्षतेला जपतोय! मी मनातल्या मनात त्यांना सगळं बोलून घेतलं, तीन ओळींपेक्षा बरंच जास्त. आत परत घंटी वाजली, काका परत कॅलेंडरचं पान घेऊन गेले, परत आले, आणि बटणांकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी कागद गोळा करून उठलेच होते.

"कॅरेज रिटर्न," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"अगो, टेलिप्रिंटर! ओळ संपली की गाडी मागे नेणारी खूण पाठवायची असायची. ह्या काळ्या पडद्याचा आजोबा तो. एंटर नंतर आला. त्याच्या आधी..." त्यांनी डाव्या बोटाने कंट्रोल दाबून धरलं आणि उजव्याने एम दाबलं.

पडदा धावायला लागला. ओळींमागून ओळी. मी धपकन खाली बसले.

"दळण लागलं," काका म्हणाले.

मध्येच पिवळी अक्षरं आली तशी मी दचकले. ते म्हणाले, "ती वॉर्निंग. शेजाऱ्यांचं बोलणं. ऐकायचं, सोडून द्यायचं. लाल आलं तर ती एरर. घरच्या माणसाचं बोलणं. तिथे थांबायचं." लाल काही आलं नाही. सव्वादहाला माझ्या नऊ स्लाइड पेन ड्राइव्हवर होत्या आणि मी टॅक्सीत.

बैठकीचं फार लांबवत नाही. अध्यक्षांना दुसऱ्या स्लाइडनंतर डुलकी लागते असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. डुलकी लागायला वेळच मिळाला नाही. पहिली स्लाइड आली. एक ट्रस्टी हळूच म्हणाले, "घरी आम्ही नऊ जण होतो. मी जिन्यात बसायचो." पुढचं सोपं झालं. अभ्यासिका राहिली. लग्न-मुंजींसाठी ट्रस्टची दुसरी जागा बघायचं ठरलं. माझा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी दादरच्या रस्त्यावर मला सगळी माणसं चांगली दिसत होती, अगदी तो झेरॉक्सवालासुद्धा.

पेढे घेऊन मी तडक तावड्यांकडे गेले. दार उघडंच होतं. बाहेर कुणी नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच आतल्या खोलीचा तो पडदा बाजूला केला.

आत शालनकाकी उशांना टेकून बसली होती. शेजारी काका लॅपटॉप घेऊन, आणि समोर भिंतीवर त्याला जोडलेला टीव्ही, त्यावर काळ्यावर पांढरी, हातभर मोठी अक्षरं :

शालन,
केस विंचरू?
घंटी वाजव.

काकीच्या डाव्या हातात दाराच्या बेलचं बटण होतं. टिंग. एकदा. काका फणी घेऊन उठले आणि मी दिसले.

"एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही," ते जरा ओशाळून म्हणाले. "कानावर पडलेलं तिला नीट लागत नाही आता. वाचलेलं लागतं. पण थोडं पाहिजे. चार ओळी दिल्या की गोंधळते, डोळे भरून येतात तिचे. तीन वाचते."

"म्हणून तुम्ही चौथी..."

"मी लिहीत सुटतो गो तिच्याशी बोलताना. चाळीस वर्षं तिच्याशीच तेवढं पोटभर बोलत आलोय. म्हणून मशीनलाच सांगून ठेवलंय, मला आवर." ते फणीकडे बघत म्हणाले, "आज सकाळी साधन नव्हतं. कॅलेंडरवर लिहून दाखवत होतो, पण ते छोटं पडतं तिला. तुझ्यापेक्षा मला घाई होती."

दोन वर्षं हा माणूस बायकोशी बोलत होता आणि आम्ही बाहेर बसून म्हणत होतो की टिकटिक करतो. मला माझी लाज वाटली. मी पेढ्यांचा डबा पुढे केला. काका लॅपटॉपशी बसले :

वैशाली आली.
अभ्यासिका वाचली.
पेढा खाणार?

मग कंट्रोल आणि एम. टिंग. काकीचं अर्धं तोंड हसलं.

"काका," मी म्हटलं, "आता तरी ते बटण दुरुस्त करा. दादरला दोन मिनिटांत काढून देतील. किती दिवस दोन हातांनी सही करणार?"

त्यांनी मान हलवली. "ती तिने वाहिलीय."

"कुणी?"

"काल मी पूजेचं ताट नि हा लॅपटॉप घेऊन तिच्यापुढे आलो. मला वाटलं, नुसती बघेल. तर तिने अक्षता उचलल्या. डाव्या हाताने. आणि थांबली, माझ्याकडे बघत. डावा हात पूजेला चालतो का, असं विचारत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला आपणहून काही विचारलं, वैशाली." त्यांनी एंटरच्या बटणावरून अलगद अंगठा फिरवला. "मी म्हटलं, चालतो."

पिन अजून माझ्या मुठीत असल्यासारखा हात मला जड झाला. काकांनी काकीच्या तोंडात पेढ्याचा तुकडा ठेवला, तोंड पुसलं, आणि परत बसून लिहिलं. मला वाचता येत होतं.

शालन,
तुझी अक्षता आत आहे.
तशीच ठेवू?

दोन बोटांनी सही झाली. काकी वाचत होती, सावकाश, एकेक ओळ. काका फणी हातात धरून बटणाकडे बघत होते, आणि मीही.

मग घंटी वाजली. एकदा.