थोरात सिस्टरांचे सातमाशे

आमच्या शेजारच्या थोरात सिस्टर मला कधी नावाने हाक मारत नसत. "काय चौदाशे ग्रॅम, जेवलास का?" असं भर रस्त्यात विचारायच्या. मी सातव्या महिन्यात जन्मलो तेव्हा माझं वजन तेवढंच होतं आणि त्या वॉर्डात सिस्टर होत्या. लग्नात माझ्या बायकोलाही त्यांनी एवढंच सांगितलं, "जप. चौदाशेचा आहे."

दोन हजार सालानंतर नाशिकमधल्या एका डॉक्टरांना, आमच्यासारख्या सातमाशांची फुप्फुसं मोठेपणी कशी दिसतात, ते स्कॅन काढून अभ्यासायचं होतं. वॉर्डातली जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्लेली. सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांनी सगळी नावं तोंडपाठ सांगितली. वर माणसं शोधायला स्वतःच निघाल्या. स्कूटर चालवायला मी.

सातपूरला शिफ्ट सुटताना गर्दीतला एक फिटर त्यांनी बरोबर हेरला. "सोळाशे पन्नास, थांब." पिंपळगावला आणखी एक सातमाशा, बाळू, टेम्पोत द्राक्षांचे क्रेट चढवत होता. तो म्हणाला, "मला काय झालंय सिस्टर? मी लय दणकट हाय."

"आहेस ना. पण चार क्रेट झाले की खोकायला आडोशाला जातोस. अर्धा तास बघतेय."

बाळू मुकाट आला.

पहिला स्कॅन माझा. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. "या काळ्या जागा बघा. इथे हवा अडकून राहते. घाबरू नका, फक्त धुरापासून लांब राहा."

सिस्टर पुढे झाल्या. "डॉक्टर, माझ्या हातून काही राहिलं का? तेव्हा ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता. पोरांना आळीपाळीने लावायचे."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सिस्टर, ही फुप्फुसं तेव्हा पुरती तयारच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "तरी हा माणूस चालत आलाय."

फिल्मवरच्या श्वासनळ्यांच्या बारीक फांद्यांवरून सिस्टरांनी बोट फिरवलं. "एवढं सगळं आत वाढत होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी नुसती श्वास मोजत बसायचे." माझ्या छातीत एवढं मोठं झाड असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घरी जा. अजून चौघे बाकी आहेत."

"घरी कोण वाट बघतंय?" म्हणत त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. बाळू शर्ट काढून स्कॅनला आत गेला होता. त्याचा घामट शर्ट मांडीवर घेऊन त्या सावकाश त्याची घडी घालत होत्या.