मोरोपंतांच्या चार वह्या

"नाव एकदाच लिहायचं. एकाच वहीत. बाकी वह्यांत फक्त आकडा," मोरोपंत म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती पुन्हा कानावरच ठेवली.

"आणि नाव वाचूनच कामं केली तर काय बिघडून राहिलं?" अनसूयाबाईंनी विचारलं. त्या पापड वाळत घालत होत्या.

"बिघडतं ना! उद्या एखाद्याचं नाव बदललं, माणूस बदलला, तर चार वह्यांत चारदा खोडायचं? माझ्या पद्धतीत पहिल्या वहीत बदललं की चारी वह्यांत आपोआप बदललं."

मोरोपंत अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवत आणि शाळेचं वेळापत्रकही करत. बारा वर्षं वेळापत्रक करणाऱ्या माणसाला जगात चौकटीबाहेर काही असू शकतं हे पटत नाही. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शालूचं लग्न ठरलं होतं आणि महिनाभर त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चौकातून ओसरीवर, ओसरीवरून चौकात, मधेच थांबून वहीत काहीतरी टिपायचं आणि पुन्हा चालू लागायचं.

वह्या चार होत्या. पहिलीत आकडे आणि नावं. दुसरीत कोणत्या आकड्याने कुठं उतरायचं आणि काय करायचं. तिसरीत कोणत्या आकड्याच्या पानात काय वाढायचं. चौथीत कोणत्या आकड्याचा काय मान. दुसरी वही शाळेतले चित्रकलेचे शिक्षक वामनराव यांच्याकडे, तिसरी त्यांच्या बायकोकडे, म्हणजे रमाबाईंकडे, आणि चौथी अनसूयाबाईंकडे. पहिली स्वतः मोरोपंतांच्या बगलेत. यादीतल्या प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला लावायचा, बिल्ल्यावर आकडा. वामनराव नुकतेच यवतमाळहून बदलून आले होते, त्यांना कुणाचाही चेहरा माहीत नव्हता. मोरोपंतांना ते फारच सोयीचं वाटलं होतं.

"डोकं चालवू नका, वामनराव. वही चालवा," त्यांनी बजावून ठेवलं होतं.

मानाप्रमाणे आकडे दिले तर भांडणं होतील म्हणून नावं जशी सुचली तसे आकडे पडले होते. एक नंबर शालूचा, कारण तेच नाव आधी सुचलं. दोनपासून सहापर्यंत घरची मंडळी. सात उत्तमराव, अनसूयाबाईंचे मोर्शीचे संत्रावाले भाऊ. आठ बेबीताई, म्हणजे नवऱ्यामुलाची आत्या, वय वर्षं साठ. नऊ अकोल्याच्या जठारपेठेतले बापूसाहेब वकील, मुलाचे वडील. दहा बँडवाला श्रावण. अकरा खुद्द नवरामुलगा कमलाकांत. बारा नत्थुजी माळी, ज्याच्या मळ्यातून भाजी आणि फुलं येणार होती. बाकीच्या वऱ्हाडाला ढोबळ पंगत आणि मोठी खोली. वह्या फक्त या खास मंडळींसाठी.

यात सगळ्यात जपायची होती आठ नंबरची. बेबीताई आजवर दोन लग्नांतून पंगत सोडून उठल्या होत्या, आणि त्या उठल्या की अख्खं वऱ्हाड उठतं असा जठारपेठेतला रिवाज होता. एका लग्नात तर मुहूर्त टळला होता. शालूनं कमलाकांतला एकदाच पाहिलं होतं, चहा सांडल्यावर तो स्वतःच हसला होता, आणि तेवढ्यावर तिनं आईला सांगितलं होतं, "हाच." त्यामुळे बेबीताईंचं नाव निघालं की अनसूयाबाई देवाला हात जोडत.

लग्नाच्या आदल्या दिवशी मोर्शीहून कार्ड आलं. "मृगबहाराच्या संत्र्यांचा तोडा चालू आहे. येणे कठीण दिसते. उत्तमराव."

मोरोपंतांनी पहिल्या वहीतला सात नंबर खोडला. मग त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिले. सहानंतर एकदम आठ! पडलेल्या दातासारखी ती जागा त्यांना जिभेनं सारखी चाचपावीशी वाटू लागली. शेवटी त्यांनी पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात यादी नव्यानं लिहिली. आठच्या बेबीताई सात झाल्या, नऊचे बापूसाहेब आठ, आणि याप्रमाणे सगळे एकेक पायरी वर सरकले. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं, असं म्हणून ते समाधानानं झोपले. बाकीच्या तीन वह्या ज्याच्या त्याच्याकडे, जशा होत्या तशा होत्या.

सकाळी आठला अकोल्याचं वऱ्हाड धर्मशाळेच्या दारात उतरलं. मोरोपंतांनी हात जोडत, धावत, यादीतल्या प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावला.

"हे काय? आमी काय कैदी आहो?" बापूसाहेबांनी विचारलं.

"व्यवस्था, बापूसाहेब! व्यवस्था!"

वामनरावांनी दुसरी वही उघडली आणि व्यवस्था सुरू झाली. सात नंबर, मोठी ओसरी, मोर्शीकर मंडळींसोबत. कालच आलेले पाच मोर्शीकर ओसरीवर पत्ते कुटत होते, त्यांच्यात बेबीताईंची ट्रंक जाऊन बसली. रमाबाईंनी तिसरी वही पाहून त्यांच्यापुढं भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. बापूसाहेबांना बेबीताईंसाठी निवांत म्हणून राखलेली देवघराशेजारची अंधारी खोली मिळाली आणि नाश्त्याला अळणी सांजा. श्रावण बँडवाल्याचे पाय चांदीच्या तबकात धुऊन त्याला मच्छरदाणीच्या स्प्रिंगच्या पलंगावर बसवलं. तो तिथं क्लॅरिनेट मांडीवर घेऊन, हलायचं नाही अशा बेतानं बसून राहिला. नत्थुजी फुलांची टोपली घेऊन येताच दोघांनी त्याला धरून पाटावर बसवलं आणि उटणं चोळायला घेतलं.

"अरे, सोडा ना बाप्पा! मी आंघोळ करूनच आलो," नत्थुजी ओरडत होता. "मले कावून रगडून राहिले तुमी?"

आणि दहा नंबरच्या कमलाकांतला गोठ्याशेजारच्या पडवीत नेऊन वामनरावांनी वहीत पाहिलं व म्हटलं, "चला, वाजवा."

"काय वाजवू?"

"ते मी कसं सांगू? वहीत लिहिलंय, येताच वाजवायला सांगणे."

नवरामुलगा स्वभावानं गरीब. त्यानं थोडा वेळ शीळ वाजवली.

दहाच्या सुमारास बेबीताईंनी ट्रंकेला कुलूप लावलं. "बापू," त्यांनी हाक मारली, "माह्यावर मेंढीकोट खेळाची पाळी आनली या लोकायनं. वरून ठेचा! टांगा बोलाव."

हे अनसूयाबाईंनी ऐकलं आणि त्या धर्मशाळेतल्याच शालूच्या खोलीत येऊन बसल्या. "गेलं गं सगळं. आत्याबाई निघून राहिल्या."

शालू हळद लावून बसली होती, तिला बाहेर जायला बंदी. पण ती मोरोपंतांचीच मुलगी. तिनं आईच्या हातातली चौथी वही घेतली, कोणाला कोणता बिल्ला मिळाला ते विचारलं आणि दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं. "बाबांनी मामांचा आकडा बुजवला! आई, वामनकाकांना आणि रमाकाकूंना सांग, सातपासून पुढं बिल्ल्यावरचा आकडा असेल त्याच्या खालची ओळ वाचायची. तूही तसंच कर. आणि बाबांना बोलू नको, त्यांना वाईट वाटेल."

निरोप गेला. वामनरावांनी दुसऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घेतलं, "खालची ओळ."

त्याच दहा मिनिटांत, त्याच धर्मशाळेच्या मागच्या अंगणात, येरझाऱ्या घालता घालता मोरोपंतही थबकले. पलंगावर श्रावण त्यांना खिडकीतून दिसला होता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण चूक कुठं झाली हे कळलं तसा उपायही त्यांच्या पद्धतीतच होता. बदलायचं ते एकाच ठिकाणी! त्यांनी पहिल्या वहीत उत्तमरावांचं नाव सातवर परत घातलं, पुढचे सगळे पुन्हा खाली सरकवले, आणि खिशात बिल्ले भरून ते धावले.

"हा मळला वाटतं, बेबीताई. हा घ्या ताजा." सातचा आठ झाला. आठचा नऊ, नऊचा दहा, दहाचा अकरा. उटण्यानं पिवळ्या झालेल्या नत्थुजीला त्यांनी बारा नंबर लावला. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला!

आता बिल्ले बरोबर होते आणि वाचणारे खालची ओळ वाचत होते.

आठ नंबर, म्हणून नऊची ओळ. वामनरावांनी बेबीताईंची ट्रंक ओसरीवरून उचलवली आणि स्प्रिंगच्या पलंगावर मच्छरदाणीत त्यांची स्थापना केली. त्यांचे पाय चांदीच्या तबकात धुतले. दुपारच्या पंगतीत रमाबाईंनी त्यांना साजूक तूप आणि जिलबी आग्रह करकरून वाढली. जेवणानंतर अनसूयाबाईंनी डोळे मिटून, शालूवर विश्वास ठेवून, वऱ्हाडातला पहिला मान, वकीलसाहेबांसाठी आणलेली शालजोडी, बेबीताईंच्या खांद्यावर घातली.

 बेबीताई शालजोडीवरून हात फिरवत राहिल्या.

इकडे नऊ नंबर, म्हणून दहाची ओळ. वामनरावांनी बापूसाहेब वकिलांना गोठ्याशेजारच्या पडवीत नेलं, हातात बँडवाल्याच्या मानाचा नारळ दिला आणि म्हटलं, "चला, वाजवा."

"मी?" बापूसाहेबांनी नारळाकडे पाहिलं. "मी वकील आहो!"

"असू द्या. न ऐकल्यास ओरडणे, असंही वहीत आहे." वामनरावांनी घसा साफ केला. "वाजव रे!"

पाच वाजता वरप्रस्थान. ओळखीच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली, हार लावलेली मोटार उभी होती. वामनरावांनी खालची ओळ वाचली आणि दहा नंबरच्या श्रावणला बाशिंग बांधून मागच्या सीटवर बसवलं. बँडचा जरीकाठी लाल कोट अंगात होताच. नवरा म्हणून तो कमलाकांतपेक्षा उजवा दिसत होता. मोटारीपुढं बँड निघाला, पण मास्तर मोटारीत असल्यानं जो तो आपापली चाल वाजवत होता. अकरा नंबरचा कमलाकांत माळ्याच्या ओळीप्रमाणे मागच्या दारी वांग्यांच्या टोपल्या उतरवत होता. नत्थुजीच्या बाराखालच्या तेरा नंबरच्या ओळीत काहीच नव्हतं, म्हणून तो मांडवात लोडाला टेकून बसला होता. "सकाळपासून आता कुठं सोय नीट झाली," असं तो शेजारच्याला सांगत होता.

मोटार गावात फेरी मारून धर्मशाळेतल्याच मांडवाशी थांबली, श्रावण उतरला, आणि अनसूयाबाईंच्या हातातलं औक्षणाचं ताट खाली पडलं.

त्या आवाजात बापूसाहेब मांडवात शिरले. हातात नारळ, अंगाला गोठ्याचा वास. "बस झालं! कमलाकांत कुठं आहे? ट्रंका काढा. हे लग्न आमाले नाही पाहिजे!"

मोरोपंतांचे पाय महिन्यात पहिल्यांदा जागच्या जागी थांबले.  आतल्या खोलीच्या दाराआडून शालू बघत होती, आणि सगळ्या मांडवानं मान वळवली ती बेबीताईंकडे. त्या उठणार, हे ठरलेलंच होतं.

बेबीताई उठल्या. शालजोडी नीट केली आणि भावापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बस खाली, बापू."

"आक्का, यायनं मले पडवीत बसवलं! वाजवाले लावलं!"

"एक दिवस वाजवलं तं काय झालं? साठ वर्षं झाली, प्रत्येक लग्नात पलंग तुले, तूप तुले, शाल तुले. आत्या म्हून मले कोपरा. मी काय हौसेनं उठत होती काय पानावरून?" त्यांनी शालजोडी पुढं ओढली. "या घरानं मले पहिला मान देल्ला. पोरगी याच घरची येईन. कमलाकांतले बोलवा, आन त्या बँडवाल्याचं बाशिंग सोडा."

बापूसाहेब बसले. नारळ कुठं ठेवावा हे न कळल्यानं तो मांडीवरच राहिला. कमलाकांत वांग्याचे काटे झटकत आला आणि गोरज मुहूर्ताला तीन मिनिटं असताना बोहल्यावर चढला. अंतरपाट धरला तेवढ्यात दारात बैलगाडी वाजली आणि संत्र्यांच्या करंड्यांसकट मोर्शीचे उत्तमराव उतरले.

"येणं कठीण आहे असं लिहिलं होतं," ते मोरोपंतांना म्हणाले. "येत नाही असं कुठं लिहिलं?"

मोरोपंतांनी त्यांच्या छातीवर सात नंबर लावला. त्या रात्री तिखट खाणाऱ्या उत्तमरावांना रमाबाईंनी अळणी वरणभात वाढला.

पाठवणीच्या वेळी शालू वडिलांच्या पाया पडली. "बाबा, मी खालची ओळ वाचायला सांगितली होती," ती पुटपुटली.

"तू?" मोरोपंत म्हणाले. "मग मी बिल्ले बदलले ना!"

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले, आणि हसता हसताच शालूला रडू फुटलं. बेबीताई मात्र आठ नंबरचा बिल्ला पदराला तसाच ठेवून गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी घर सुनं झालं. मोरोपंत पहिली वही उघडून ओसरीवर बसले होते, न हलता. अनसूयाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी पानावर नजर टाकली. एक नंबरच्या जागी नाव खोडलेलं होतं.

"आता मी एक नंबर ना?" त्यांनी हलकेच विचारलं. "नाही तर तुम्ही पुन्हा सारं लिहून काढाल."

मोरोपंतांनी वही मिटली.

"नको. मोकळाच राहू दे," ते म्हणाले. "सरकवलं की तिच्या जागेवर दुसरंच कुणीतरी येतं."