किसनमामांचा चमचा

तुमच्या घरातलं विरजण मुळात कुणाच्या घरून आलं, सांगता येईल? नाही ना? आमच्या किसनमामांना याचं उत्तर हवं असतं, आणि ते मिळेपर्यंत ते तुमच्या उंबऱ्यावरून हलत नाहीत.

वारंगा फाट्यावर मामांची ताकाची टपरी आहे. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा स्टीलचा चमचा ठेवतात. कुणाच्याही घरी गेले की आधी दही मागणार, चमचाभर जिभेवर ठेवून डोळे मिटणार आणि म्हणणार, "ह्ये ते न्हाई." बाया त्यांना लांबून पाहूनच गाडगी झाकतात.

"मामा, दही सरलं बघा!"

"खोटं काहून बोलतीस माय? गाडग्यावर फडकं हाय, दिसून राहिलं."

भाचीसाठी साखरा गावचं स्थळ पाहायला गेले. बाकीच्यांनी जमिनीची चौकशी केली. मामांनी दही चाखलं आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं बेस हाय, पर दह्याला तार सुटून राहिली." लग्न तरीही झालं. आता भाची माहेरी येताना आठवणीनं दही आणते. मामा चाखतात, "ह्ये ते न्हाई" म्हणतात आणि गाडगं चाटूनपुसून संपवतात.

मी तेव्हा कॉलेजात होतो, विज्ञानाची पत्रकं लिहून सायकलवरून वाटायचो. मामांचं हे खूळ मला सहन होईना. एक दिवस टपरीवर, गिऱ्हाइकांसमोर, मी पत्रक मोठ्यानं वाचलं. दही हाताच्या गुणानं लागत नाही, जिवंत जिवाणूंमुळे लागतं. काही आंबटपणा आणतात, काही वास, काहींमुळे तार सुटते. दूध कोमट हवं. कढत असलं तर सगळे मरतात. ज्या घरचे जिवाणू, त्या घरची चव!

मामांची रवी थांबली.

"जित्ते असतेत?"

"होय. रोज चमचाभर पुढच्या दुधात गेले, तर वर्षानुवर्षं."

"अन् दुसऱ्याच्या घरी गेले तर?"

"तिथंही."

"मंग म्या येडा न्हाई," मामा म्हणाले आणि बाकावर बसले.

मामी लग्नात माहेराहून करवंटीत विरजण घेऊन आली होती. तिच्या ताकासाठी ट्रकवाले फाट्यावर थांबत. ती गेली, त्या आठवड्यात मामांनी आयुष्यात पहिल्यांदा दही लावलं. दूध चुलीवरून उतरवलं आणि तसंच कढत असताना त्यात सगळं विरजण ओतलं. चमचाभरही मागे ठेवलं नाही. सकाळी भांड्यात फुटलेलं दूध होतं.

"म्या मारले ते," मामा ताकाच्या माठाकडे बघत म्हणाले. "पर तुह्या मामीनं साऱ्या मुलखाला विरजण वाटलं व्हतं. कुनाकडं तरी जित्तं असंल."

जिवाणू एकमेकांत मिसळतात, घर बदललं की बदलतात, हेही मला ठाऊक होतं. पत्रकात खरं तेच आणि सगळं लिहायचं, हा माझा बाणा. पण ती एक ओळ मी अजून छापलेली नाही.

आता गावोगाव पाकिटातलं दही आलंय आणि घराघरांतली चव एकच होत चाललीय. मामा थकलेत, सायकलवरून गावोगाव दही चाखत फिरणं सुटलंय. म्हणून माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. कळमनुरीच्या आसपास तुमच्याकडे जुनं, कुणीतरी प्रेमानं दिलेलं विरजण असेल, तर ते मोडू नका. वाटीभर दही फाट्यावर मामांकडे घेऊन या.

चमचा आणू नका. तो त्यांच्याकडे आहे.